गट ३ मधला खोटा अ‍ॅल्युमिनियम: एका पांढऱ्या क्षाराचे प्रकरण

क्षारातले आयन ओळखण्याच्या प्रयोगात दिलेला नमुना पांढरा, स्फटिकमय, बिनवासाचा आणि पाण्यात सहज विरघळणारा होता. विद्यार्थ्याच्या वहीत निष्कर्ष आला ‘अ‍ॅल्युमिनियम सल्फेट’. बाटलीत प्रत्यक्षात मॅग्नेशियम सल्फेट होते, स्फटिकजलाचे सात रेणू असलेले. म्हणजे ऋण आयन बरोबर आणि धन आयन चूक. अशी उत्तरे प्रयोगशाळेत नेहमीच दिसतात, आणि त्यावर ‘नीट बघितलं नाहीस’ असा शेरा मारून पुढे जाण्याची पद्धत आहे. इथे तो शेरा अन्यायाचा ठरला असता, कारण गट ३ मध्ये (धन आयन अभिकर्मकांनी शून्य ते सहा अशा गटांत क्रमाने तपासतात; ज्या गटात अवक्षेप येतो, त्या गटातला आयन असतो) पांढरा अवक्षेप, म्हणजे द्रावणातून वेगळा होणारा घन पदार्थ, खरोखरच आला होता. तो कशाचा होता आणि का आला, हाच या प्रकरणाचा गाभा.

आधी वहीत काय होते ते पाहू.

कोरड्या परीक्षानळीत क्षार तापवल्यावर नळीच्या वरच्या थंड भागात पाण्याचे थेंब जमले आणि खाली पांढरा अवशेष उरला. ज्योत चाचणीत रंग नाही. कोळशाच्या ठोकळ्यावर सोडियम कार्बोनेटबरोबर तापवल्यावर पांढरा अवशेष राहिला. त्यावर कोबाल्ट नायट्रेटचा थेंब टाकून पुन्हा तापवल्यावर ‘रंग स्पष्ट नाही, किंचित गुलाबीसर’. जलीय द्रावण लिटमसला उदासीन.

ऋण आयनासाठी विरल सल्फ्युरिक आम्लाने काही झाले नाही, संहत सल्फ्युरिक आम्लानेही नाही. बेरियम क्लोराइडने पांढरा अवक्षेप आला आणि तो हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळला नाही. लेड अ‍ॅसिटेटने आलेला पांढरा अवक्षेप गरम अमोनियम अ‍ॅसिटेटमध्ये विरघळला. सल्फेट पक्के. या भागात एकच गोष्ट तपासावी लागते: बेरियम क्लोराइड कोणत्या नळीत टाकले? विरल सल्फ्युरिक आम्लाच्या चाचणीची नळी धुण्याचा कंटाळा करून तीच पुढे वापरली, किंवा सोडियम कार्बोनेटचा अर्क सल्फ्युरिक आम्लाने आम्लधर्मी केला, तर जगातल्या प्रत्येक क्षारात सल्फेट सापडते. इथे नळी नवी होती आणि आम्ल हायड्रोक्लोरिक होते, त्यामुळे तो प्रश्न मिटला.

धन आयनासाठी १ ग्रॅम क्षार २० मि.लि. ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून मूळ द्रावण केले होते. मॅग्नेशियम सल्फेटच्या हिशोबाने ते सुमारे ०.२ मोलार होते. गट शून्यात सोडियम हायड्रॉक्साइड घालून तापवले, अमोनियाचा वास नाही. गट १ मध्ये विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने काही नाही. गट २ मध्ये आम्लधर्मी द्रावणात हायड्रोजन सल्फाइड सोडूनही काही नाही. गट ३ साठी २ मि.लि. ताजे मूळ द्रावण घेतले, त्यात चिमूटभर अमोनियम क्लोराइड टाकले आणि मग ‘जास्त’ अमोनियम हायड्रॉक्साइड (अमोनियाचे पाण्यातले द्रावण) घातले. पांढरा, जिलेटिनसारखा अवक्षेप आला. निश्चितीसाठी लिटमसची चाचणी केली आणि ‘निळा लेक’ (रंग शोषून निळा झालेला अवक्षेप) अशी नोंद झाली. तिथे विश्लेषण थांबले. गट ४, ५ आणि ६ पाहिलेच नाहीत, आणि पद्धतीप्रमाणे पाहण्याची गरजही नव्हती.

सगळी गडबड ‘चिमूटभर’ आणि ‘जास्त’ या दोन शब्दांत आहे.

गट ३ चा अभिकर्मक एकट्या अमोनियम हायड्रॉक्साइडचा नसतो, तो जोडीचा असतो. अमोनियम क्लोराइडने द्रावणात अमोनियम आयन भरपूर होतात. सामाईक आयन परिणामामुळे अमोनियम हायड्रॉक्साइडचे विचरण (आयनांत फुटणे) दबते आणि हायड्रॉक्साइड आयन इतके कमी उरतात, की फक्त लोह, क्रोमियम आणि अ‍ॅल्युमिनियमची हायड्रॉक्साइडे खाली बसू शकतात. मॅग्नेशियम द्रावणात राहून पुढे जाते. हे पाठ सगळ्यांनाच असते. किती अमोनियम क्लोराइड म्हणजे पुरेसे, हे मात्र क्वचितच कुणी मोजते. म्हणून मोजूनच पाहू.

मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा विद्राव्यता गुणाकार (आयनांच्या संहतींचा गुणाकार या मर्यादेच्या वर गेला की अवक्षेप येतो) १.८ गुणिले १० चा उणे ११ वा घात आणि अमोनियाचा आम्लारी स्थिरांक १.८ गुणिले १० चा उणे ५ वा घात धरू. चिमूट म्हणजे साधारण ०.१ ग्रॅम, अर्थात १.९ मिलिमोल अमोनियम आयन. विरल अमोनियम हायड्रॉक्साइड २ मोलारचे होते आणि ते ४ मि.लि. घातले, म्हणजे ८ मिलिमोल अमोनिया. एकूण आकारमान ६ मि.लि. झाले. त्यात अमोनिया १.३३ मोलार, अमोनियम आयन ०.३१ मोलार आणि मॅग्नेशियम ०.०६७ मोलार. हायड्रॉक्साइडची संहती येते ०.००००७७ मोलारच्या आसपास. तिचा वर्ग करून मॅग्नेशियमच्या संहतीने गुणले, तर आयनांचा गुणाकार ४ गुणिले १० चा उणे १० वा घात इतका होतो. विद्राव्यता गुणाकाराच्या सुमारे बावीस पट. अवक्षेप येणारच.

आता त्याच नळीत चिमटीऐवजी १ ग्रॅम अमोनियम क्लोराइड असते तर? अमोनियम आयन ३.१ मोलार, हायड्रॉक्साइड एक दशांश, आणि हायड्रॉक्साइडचा वर्ग असल्यामुळे गुणाकार शंभर पटींनी खाली. ४ गुणिले १० चा उणे १२ वा घात. मर्यादेच्या खाली, पण फार खाली नाही. अमोनिया १ मि.लि. वर आवरला आणि अमोनियम क्लोराइड ०.५ ग्रॅम घेतले, तर गुणाकार २ गुणिले १० चा उणे १२ वा घात येतो. अर्ध्या अमोनियम क्लोराइडमध्ये जास्त सुरक्षित! म्हणजे दोष दोन्हीकडून होता: क्लोराइड कमी पडले आणि अमोनिया वाजवीपेक्षा फार झाला. ‘जास्त’ याचा अर्थ हलवल्यावरही वास टिकेल आणि लाल लिटमस निळा होईल इतकेच. त्यापुढचा प्रत्येक थेंब मॅग्नेशियमला गट ३ मध्ये ओढतो.

अ‍ॅल्युमिनियमला या सगळ्याने काहीच फरक पडत नाही. त्याच्या हायड्रॉक्साइडचा विद्राव्यता गुणाकार १० चा उणे ३३ वा घात या पातळीचा आहे. ०.१ मोलार अ‍ॅल्युमिनियम असेल, तर १० च्या उणे ११ व्या घाताच्या आसपासचे हायड्रॉक्साइडही त्याला खाली बसवायला पुरते. म्हणून अमोनियम क्लोराइड सढळ हाताने घातले तर अ‍ॅल्युमिनियम निसटेल, ही भीती निराधार आहे.

एक सूक्ष्म गोष्ट इथे नोंदवायला हवी. गट २ च्या गाळिवातूनच (गाळून मिळालेल्या द्रवातूनच) पुढे गेले असते, तर त्यातले हायड्रोक्लोरिक आम्ल अमोनियाने उदासीन होऊन आपोआप अमोनियम क्लोराइड बनले असते आणि चूक कदाचित झाकली गेली असती. (त्या वाटेने जाताना हायड्रोजन सल्फाइड उकळून पूर्ण घालवावे लागते, आणि लोह असण्याची शक्यता असेल तर संहत नायट्रिक आम्लाचे दोन-तीन थेंब टाकून पुन्हा उकळावे लागते.) एकच धन आयन असलेल्या क्षारात मागचा गट नाही म्हटल्यावर ताजे मूळ द्रावण घेण्याची सवय सोयीची आहे. पण मग अमोनियम क्लोराइडची सगळी जबाबदारी चमच्यावर येते.

आता लिटमसची चाचणी. या चाचणीने चूक पकडायला हवी होती, पण तिने उलट शिक्का मारला. बरोबर रीत अशी: अवक्षेप गाळून, धुऊन, २ मि.लि. विरल हायड्रोक्लोरिक आम्लात पूर्ण विरघळवायचा. निळ्या लिटमस द्रावणाचे दोन थेंब टाकायचे, द्रावण लाल होते. मग नळी तिरपी धरून बाजूने अमोनियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने सोडायचे. अ‍ॅल्युमिनियम असेल तर हायड्रॉक्साइडचे नवे पुंजके लिटमसचा रंग शोषून घेतात आणि रंगहीन द्रवात निळे ढग तरंगताना दिसतात. सगळा भर ‘रंगहीन’ या शब्दावर आहे.

इथे झाले असे: अवक्षेप गाळलाच नाही. गढूळ द्रवातच आम्लाचे काही थेंब पडले, अवक्षेप अर्धवट विरघळला, लिटमस टाकले आणि अमोनिया एकदम ओतला. सगळा द्रव निळा झाला. त्या निळ्या द्रवात पांढरे कण तरंगत होते आणि निळ्या पाण्यातले पांढरे कण निळेच दिसतात. पुस्तकात जे छापले आहे ते नळीत दिसू लागायला एवढे निमित्त पुरते. शंका असेल तेव्हा गाळणकागद काढावा: गाळीव रंगहीन आणि कागदावरचा अवक्षेप निळा असेल तर लेक खरा. गाळीव निळा आणि कागदावर पांढरे असेल तर ते फक्त आम्लारिधर्मी द्रावणातले लिटमस.

गंमत म्हणजे चाचणी रीतसर केली असती, तर मॅग्नेशियमने स्वतःच कबुली दिली असती. २ मि.लि. विरल आम्ल उदासीन होताना पुरेसे अमोनियम क्लोराइड नळीतच तयार होते आणि मॅग्नेशियमचा अवक्षेप परत येत नाही. नुसते स्वच्छ निळे द्रावण मिळते.

याहून मोठे पुरावे त्याच वहीच्या आधीच्या पानांवर पडून होते.

पहिला लिटमसचा. अ‍ॅल्युमिनियम सल्फेटचे द्रावण जलापघटनामुळे चांगलेच आम्लधर्मी असते, निळा लिटमस कागद लगेच लाल करते. ‘उदासीन’ ही नोंद अ‍ॅल्युमिनियमच्या विरोधात जाते.

दुसरा तापवण्याचा. तुरटी (तीही अ‍ॅल्युमिनियमचा क्षार) किंवा अ‍ॅल्युमिनियम सल्फेट तापवले की वितळते, फेसाळते आणि फुगून हलकी, सच्छिद्र लाही होते. इथे फुगल्याची नोंद नाही. स्फटिकजल तर दोघांतही भरपूर असते (मॅग्नेशियम सल्फेटच्या वजनाचा निम्म्याहून थोडा जास्त भाग पाणीच आहे), त्यामुळे नुसत्या थेंबांवरून काही ठरत नाही.

तिसरा कोबाल्ट नायट्रेटचा. अ‍ॅल्युमिनियमला निळा, जस्ताला हिरवा, मॅग्नेशियमला फिकट गुलाबी. ‘किंचित गुलाबीसर’ लिहून ते बाजूला टाकले गेले, कारण गुलाबी रंग फिका असतो आणि ठोकळ्याच्या काळ्या पार्श्वभूमीवर उठत नाही. कोबाल्ट नायट्रेट जास्त पडले तर अवशेष काळा होतो आणि रंगच कळत नाही, म्हणून द्रावण विरल हवे आणि थेंब एकच. ही चाचणी दुय्यमच समजावी, पण तिचे उत्तर निष्कर्षाच्या विरुद्ध जात असेल तर थांबून विचार करायला हवा.

चौथा पुरावा सगळ्यांत पक्का, आणि तो वहीत लिहिलाच नव्हता. गट शून्याची नळी अजून स्टँडमध्ये उभी होती. १ मि.लि. मूळ द्रावण आणि २ मि.लि. दहा टक्के सोडियम हायड्रॉक्साइड. वास नाही एवढेच पाहून ती बाजूला ठेवली होती. तिच्या तळाशी जाड पांढरा थर बसला होता आणि वरचा द्रव नितळ होता. अ‍ॅल्युमिनियम असते तर असा थर राहिलाच नसता. १ मि.लि. मध्ये ०.२ मिलिमोल अ‍ॅल्युमिनियम धरले, तर ते अ‍ॅल्युमिनेट होऊन पूर्ण विरघळायला ०.८ मिलिमोल सोडियम हायड्रॉक्साइड पुरते, आणि नळीत सुमारे ५ मिलिमोल होते. जास्त सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये न विरघळलेला पांढरा अवक्षेप, तोही गट १ आणि २ कोरे असताना: इथेच अ‍ॅल्युमिनियम आणि जस्त दोन्ही बाद झाले होते. गट शून्यात फक्त नाकाने काम करायची सवय महागात पडते. त्या नळीकडे डोळ्यांनीही बघावे.

फेरतपासणी चार नळ्यांत केली. पहिलीत २ मि.लि. ऊर्ध्वपातित पाणी, ०.५ ग्रॅम अमोनियम क्लोराइड आणि १ मि.लि. विरल अमोनियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कोरी चाचणी. दुसरीत पाण्याऐवजी २ मि.लि. तुरटीचे द्रावण (१ ग्रॅम, २० मि.लि. मध्ये). तिसरीत २ मि.लि. नमुन्याचे मूळ द्रावण. चौथीत नमुनाच, पण वहीतल्या प्रमाणात: चिमूटभर क्लोराइड आणि ४ मि.लि. अमोनिया.

कोरी चाचणी अनेकांना वेळेचा अपव्यय वाटते. पण अमोनियम हायड्रॉक्साइड काचेच्या बाटलीत फार दिवस राहिले की काच हळूहळू खाते आणि त्यात सिलिकाचे पांढरे पापुद्रे तरंगू लागतात. ड्रॉपरमधून ते नळीत आले की गट ३ चा अवक्षेप म्हणून छान खपतात. त्याच बाटलीने हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषला असेल, तर कॅल्शियम, बेरियमसारखे गट ५ चे आयन कार्बोनेट होऊन दोन गट आधीच खाली बसतात. या खेपेस पहिली नळी स्वच्छ राहिली, म्हणजे अभिकर्मकांवर संशय घेण्याचे कारण नव्हते.

दुसऱ्या नळीत तुरटीचा अवक्षेप लगेच आला: अर्धपारदर्शक, लिबलिबीत, नळी तिरकी केली तर एकसंध गोळ्यासारखा सरकणारा. तिसरी नळी स्वच्छ. पाच मिनिटे थांबूनही स्वच्छ. चौथी मात्र थोड्याच वेळात दुधाळ झाली आणि मग तिच्यात पांढरे, अपारदर्शक कण दिसू लागले. दुसरी आणि चौथी शेजारी धरल्या की फरक कळतो. चौथी एकटी हातात असेल तर कळत नाही, आणि विद्यार्थ्याच्या हातात ती एकटीच होती.

मग चौथ्या नळीत १ ग्रॅम घन अमोनियम क्लोराइड टाकून हलवले. नळी हाताला गार लागली (अमोनियम क्लोराइड विरघळताना उष्णता शोषते) आणि गढूळपणा हळूहळू विरत जाऊन द्रव नितळ झाला. दुसऱ्या नळीत तेवढेच क्लोराइड टाकून कितीही हलवले तरी तुरटीचा अवक्षेप जसाच्या तसा. गट ३ मध्ये पांढरा अवक्षेप आला आणि मन साशंक असेल, तर ही एका चमच्याची चाचणी लिटमसच्या लेकपेक्षा जास्त भरवशाची आहे. अवक्षेप ताजा असतानाच करावी. जुना झालेला मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड विरघळायला वेळ घेतो, तेव्हा किंचित कोमट करावे.

यानंतरचे गट पटकन उरकले. गट ४ मध्ये तिसऱ्या नळीसारख्याच द्रावणात हायड्रोजन सल्फाइड सोडला, काही नाही. हा वायू विषारी आहे, आणि जास्त झाला की नाकाला त्याचा वास येणेच बंद होते. त्यामुळे धूरकपाटाबाहेर हे काम करू नये. गट ५ मध्ये अमोनियम कार्बोनेट घातले, काही नाही. इथेही अमोनियम क्लोराइड कमी पडले असते, तर मॅग्नेशियमचा कार्बोनेट खाली बसून कॅल्शियम किंवा बेरियमचा शोध सुरू झाला असता.

गट ६ साठी २ मि.लि. मूळ द्रावण, ०.५ ग्रॅम अमोनियम क्लोराइड, १ मि.लि. अमोनियम हायड्रॉक्साइड आणि शेवटी १ मि.लि. डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेटचे द्रावण. काचकांडीने नळीच्या आतल्या बाजूवर, द्रवाच्या पातळीखाली, घासत राहायचे. घासलेल्या रेघांवरच आधी पांढरे बारीक स्फटिक उमटतात आणि मग तळाशी रवाळ थर बसतो. तो मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेट. काही प्रकारच्या मूतखड्यांतही हाच पदार्थ असतो. विरल द्रावणात त्याला वेळ लागतो, कधी दहा मिनिटेही. नळी थंड पाण्यात धरून घासले तर लवकर येतो. घाईत ‘गट ६ अनुपस्थित’ लिहिणे हा या गटातला नेहमीचा अपघात. आणि ही चाचणी आधीचे गट कोरे ठरल्यावरच ग्राह्य धरायची, कारण फॉस्फेटने अ‍ॅल्युमिनियम आणि कॅल्शियमही पांढरा अवक्षेप देतात.

दुसरी निश्चिती मॅग्नेसॉन या रंगद्रव्याने केली. ताज्या मूळ द्रावणाचे दोन थेंब, मॅग्नेसॉनचा एक थेंब आणि सोडियम हायड्रॉक्साइड: निळा अवक्षेप. शेजारच्या कोऱ्या नळीत नुसता जांभळा रंग. यासाठी गट ६ ची नळी वापरायची नाही. अमोनियम क्षार मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडला बसू देत नाहीत, आणि हायड्रॉक्साइडच बसला नाही तर रंग कशावर चढणार?

वहीतली नोंद बदलून ‘धन आयन: मॅग्नेशियम, ऋण आयन: सल्फेट’ अशी झाली. गट ३ च्या रकान्यात जुनी ओळ खोडली नाही, तिच्याखाली प्रमाणांसह नवी ओळ लिहिली, आणि गट शून्याच्या रकान्यात भर पडली: ‘अमोनियाचा वास नाही. पांढरा अवक्षेप, जास्त सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये अविद्राव्य.’

नमुन्यात अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम दोन्ही असते तर काम थोडे वाढले असते. अ‍ॅल्युमिनियमचा लिबलिबीत अवक्षेप खाली बसताना थोडे मॅग्नेशियम अडकवून नेतो. तो गाळून, विरल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून, भरपूर अमोनियम क्लोराइडसह अमोनियाने पुन्हा अवक्षेपित करायचा आणि दोन्ही गाळिवे एकत्र करून पुढे न्यायची. पहिल्या अवक्षेपावर सोडियम हायड्रॉक्साइड टाकून तो पूर्ण विरघळला नाही, थोडा पांढरा गाळ राहिला, तर तो अडकलेला मॅग्नेशियमच असण्याची शक्यता मोठी.